आधी बघणारा ठरवा, मग रंग: युद्धकाळातल्या छोट्या गस्तीनौकेचं मॉडेल रंगवताना

आमच्या सोसायटीतला नववीतला एक मुलगा दिवाळीत किल्ला फार सुंदर करतो. अळीव कुठे दाट पेरायचे, बुरुजाला काव किती फासायची, मावळा कुठल्या कोपऱ्यातून डोकावला पाहिजे, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या टॉर्पेडो बोटीचं प्लास्टिक किट भेट मिळालं आणि तो खोका घेऊन थेट माझ्याकडे आला. पहिलाच प्रश्न, "काका, हिरवा कोणता घेऊ?" गॅलरीत बसून बोटी जोडणाऱ्या माझ्यासारख्याकडे जो येतो तो हाच प्रश्न विचारतो. त्याला जे सांगितलं ते इथे जरा पसरून लिहितो.

हिरवा कोणता, हे फार नंतर. ही बोट कोणापासून लपत होती, कुठे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे आधी ठरवायचं. कॅमोफ्लाज हे बोटीवरचं नक्षीकाम नाही. कोणीतरी तिला शोधतंय आणि तिला सापडायचं नाही, एवढीच गोष्ट. शोधणारा बदलला की रंग बदलतो.

पायरी १: बोटीबरोबर तिचं पाणीही निवडा

सुरुवातीला १:७२ हे माप घ्या, म्हणजे खऱ्या बोटीच्या बहात्तराव्या भागाइतकं मॉडेल. अमेरिकेची ८० फुटी एल्को पीटी बोट (पीटी म्हणजे गस्तीची टॉर्पेडो बोट, एल्को ही ती बांधणारी कंपनी) या मापात ३४ सेंटीमीटर भरते, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षा थोडी लांब. ब्रिटिश व्हॉस्पर टॉर्पेडो बोट ३१ सेंटीमीटरच्या आसपास. रेवेल, एअरफिक्स आणि टामिया या कंपन्यांनी या मापात अशा बोटी काढल्या आहेत. जुनी किटं दुकानात कधी असतात, कधी नसतात, त्यामुळे मिळेल ती घ्या. इटालेरीच्या १:३५ मापातल्या बोटी बघून जीव जातो, पण तीच पीटी बोट तिथे ७० सेंटीमीटर होते. ठाण्यातल्या वन-बीएचकेत ती ठेवायची कुठे, हे घरच्यांना विचारूनच पैसे भरा.

आता पाणी. तुमची बोट इंग्लिश खाडीत रात्री जर्मन बोटींच्या मागावर निघाली आहे का? न्यू गिनीच्या किनाऱ्याला दिवसभर झाडांखाली दडून बसली आहे? की नॉर्वेच्या खडकाळ फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत, जाळी पांघरून रात्र पडायची वाट बघते आहे? शेटलंड बेटांवरून निघणाऱ्या नॉर्वेजियन टॉर्पेडो बोटी खरोखर अशा लपून बसत.

आपल्याला जवळची गोष्ट हवी असेल तर आराकानची घ्या. ब्रह्मदेशाच्या त्या किनाऱ्यावर रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटर लाँच जपान्यांशी लढल्या. या बहुतेक ११२ फुटी, लाकडी फेअरमाइल बी जातीच्या. तिथल्या खाड्यांना चाउंग म्हणतात: दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत, मध्ये गढूळ पाणी, भरती-ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी. ऐरोलीच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला हे वर्णन परकं वाटू नये.

पायरी २: एकदा पहाटे खाडीवर जाऊन या

ही पायरी सगळे गाळतात. रंगांच्या डब्या मागवायच्या आधी एकदा कोपरीच्या किंवा ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीवर उजाडताना जा. सोबत वही ठेवा. मोबाइलने फोटो काढा, पण विश्वास वहीवर ठेवा. मोबाइल स्वतःच्या मनाने आकाश निळं करतो.

तीन गोष्टी टिपा. पहिली, समोरच्या काठावरचं कांदळवन हिरवं दिसत नाही. जवळचं तिवर हिरवं, त्यामागचं राखाडी-हिरवं, आणि पलीकडच्या काठावरचं तर निळसर धुरकट. हवेचा थर मध्ये आला की रंग फिका होतो आणि राखाडीकडे झुकतो. दुसरी, पाणी निळं नाही. ते वरच्या आकाशाचा रंग घेतं आणि त्यात आपला चिखल मिसळतं. तिसरी गोष्ट हिवाळ्यात दिसते. सीगल डोक्यावरून उडत असेल तर त्याचं पांढरं पोट ढगाळ आकाशात विरून जातं. त्याच्या शेजारून जाणारा कावळा मात्र मैलभरावरूनही कावळाच दिसतो.

फ्लेमिंगोंचे दिवस असतील तर आणखी थोडं थांबा. संध्याकाळी प्रकाश उतरायला लागला की गुलाबी थव्यातला गुलाबी सगळ्यात आधी जातो आणि उरतात नुसते करडे ठिपके. अंधुक उजेडात डोळ्याला तांबड्या छटा काळपट दिसायला लागतात, निळ्या-हिरव्या मात्र जास्त वेळ तग धरतात. हे लक्षात ठेवा, पुढे लॉर्ड माउंटबॅटन येणार आहेत.

खरी लहान युद्धनौका बघायची असेल तर कल्याण गाठा. २०२१ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची टी-८० ही जलद गस्तीनौका स्मारक म्हणून दुर्गाडीच्या खाडीकाठी आणली आहे. रंगासाठी नको, ती आजच्या नौदलाच्या राखाडीत आहे. केबिनच्या पुढे आलेल्या छपराखाली सावली कशी पडते आणि नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, बाकावरून उजेड कसा घसरतो, ते बघायला जा.

पायरी ३: युक्ती ठरवा

जगभरच्या नौदलांनी शेकडो योजना काढल्या. अमेरिकन नौदलाने तर त्यांना क्रमांक देऊन पुस्तिकाच छापली. नवशिक्याने चार युक्त्या समजून घेतल्या तरी पुरे.

रात्रीची पांढरी बोट. ऐकायला वेडेपणा वाटतो. रात्री लपायचं तर काळा रंग, असं कोणीही म्हणेल. पण समुद्रावर बसून बघणाऱ्याला दुसरी बोट क्षितिजावर दिसते, म्हणजे मागे आकाश असतं, आणि रात्रीचं आकाशसुद्धा बोटीपेक्षा उजळ असतं. काळी बोट त्यावर कापून ठेवल्यासारखी उठते. ब्रिटिश नौदलातले अधिकारी पीटर स्कॉट हे मुळात पक्षीनिरीक्षक आणि चित्रकार. १९४० मध्ये त्यांनी 'ब्रोक' या विनाशिकेवर पांढरा, फिका निळा आणि फिका हिरवा असे रंग लावून पाहिले. पुढे अटलांटिकमधल्या संरक्षक जहाजांसाठी ही पद्धत नौदलाने स्वीकारली. स्कॉट नंतर इंग्लिश खाडीत छोट्या गनबोटींवर गेले. जर्मनांच्या एस-बोटी, म्हणजे त्यांच्या टॉर्पेडो बोटीही जवळजवळ पांढऱ्या असत, आणि त्याच पाण्यात रात्री फिरत. दोन्ही बाजू एकाच निष्कर्षाला आल्या, याचं मला नेहमी नवल वाटतं. तोटाही आहे. चंद्र बघणाऱ्याच्या पाठीमागे असेल किंवा सर्चलाइट पडला, तर पांढरी बोट ट्यूबलाइटसारखी उजळते.

संधिप्रकाशाचा गुलाबी. १९४० मध्ये माउंटबॅटन, म्हणजे आपले शेवटचे व्हाइसरॉय, विनाशिकांच्या तांड्याचे प्रमुख होते. ताफ्यातलं एक प्रवासी जहाज आपल्या जुन्या कंपनीच्या जांभळट करड्या रंगात तसंच आलं होतं. ते संध्याकाळी सगळ्यांच्या आधी दिसेनासं झालं, आणि त्यावरून त्यांनी राखाडीत थोडा तांबडा घालून आपल्या जहाजांसाठी रंग काढला. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो चालायचा. भर दुपारी गुलाबी बोट लपत नाही, हे सांगायला नौदलाची गरज नव्हती. तरी मॉडेलवर हा रंग फार देखणा दिसतो. पहिली बोट घरच्यांना दाखवून वाहवा मिळवायची असेल, तर मी हाच सुचवेन.

किनाऱ्याचा तुकड्या-तुकड्यांचा हिरवा. पॅसिफिकमधल्या पीटी बोटी दिवसा बेटांच्या काठाला लागत, म्हणून त्यांच्यावर गडद आणि मध्यम हिरव्याचे वेडेवाकडे डाग दिसतात. डागांचं काम झाडासारखं दिसणं हे नाही. बोटीची सरळ कड तोडणं हे आहे. डोळा लांब आडवी रेघ शोधत असतो. ती तीन ठिकाणी तुटली की डोळ्याला बोट जुळवता येत नाही.

आणि डॅझल, म्हणजे झेब्र्यासारखे पट्टे. नवशिक्यांचा जीव यावरच. पण ही युक्ती लपण्याची नाहीच. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने ती मांडली. जहाज दिसणारच आहे, मग पाणबुडीतल्या माणसाला त्याची दिशा आणि वेग तरी चुकीचा कळू दे, असा हिशेब. टॉर्पेडो जहाजाच्या पुढच्या जागेवर मारायचा असतो, तिथे अंदाज चुकला की टॉर्पेडो वाया. मोठ्या, संथ मालवाहू जहाजाला हे शोभतं. ४० नॉटने, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरने, रात्री धावणाऱ्या छोट्या बोटीला त्याचा फार उपयोग नाही, असं माझं मत. तरी अमेरिकनांनी काही पीटी बोटींवर पट्टे रंगवून पाहिले होतेच, त्यामुळे तुम्ही रंगवलेत तर कोणी चूक काढू शकणार नाही. पट्ट्यांच्या कडा सरळ काढणं मात्र पहिल्याच बोटीत जमत नाही.

एक जोडयुक्ती सगळ्यांत लागते: वरून गडद, खालून फिकं. मासा असो की हरीण, पाठ गडद आणि पोट फिकं असतं, त्यामुळे ऊन-सावलीने येणारा गोलावा मारला जातो. ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सविस्तर मांडलं. बोटीवर याचा अर्थ असा की तोफेची खालची बाजू आणि केबिनच्या छज्जाखालची सावली पांढऱ्याने रंगवायची.

१९७१ च्या युद्धावर बोट करायची असेल तर वेगळा विचार करा. ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या, तेव्हा शोधणारा डोळा नव्हता, रडार होतं. तिथे अंधार आणि वायरलेसवर रशियन भाषेत बोलणं हेच कॅमोफ्लाज होतं. मॉडेल साधं राखाडी करा.

पायरी ४: पुठ्ठ्यावर परीक्षा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. किटला अजून हात लावायचा नाही.

जाड पुठ्ठ्यातून बोटीच्या आकाराच्या चार बाजूच्या आकृत्या कापा, प्रत्येकी ३४ सेंटीमीटर. एक काळी, एक पांढरट, एक मध्यम राखाडी, एक हिरव्या डागांची. आता हिशेब: १:७२ मापाची बोट २८ मीटरवरून बघितली की खरी बोट २ किलोमीटरवरून बघितल्याइतकी लहान दिसते. २८ मीटर म्हणजे साधारण आमच्या इमारतीच्या गच्चीची लांबी. पावलांनी मोजा, इंचाचा आग्रह नको.

सूर्य मावळल्यावर आकृत्या गच्चीच्या कठड्यावर अशा उभ्या करा की मागे फक्त आकाश येईल. दुसऱ्या टोकाला खाली बसून बघा, कारण समुद्रावर डोळा पाण्याच्या जवळ असतो. दर पाच मिनिटांनी वहीत लिहा, कोणती दिसते, कोणती नाही. आमच्याकडे ढगाळ संध्याकाळी काळी शेवटपर्यंत दिसत राहिली आणि पांढरट आधी गेली. नववीतल्या साहेबांचा तोपर्यंत माझ्यावर विश्वास नव्हता. मग गच्चीवरचा दिवा कोणीतरी आमच्या पाठीमागून लावला आणि पांढरी टकाटक उजळली. सर्चलाइटचा धडा फुकटात मिळाला.

हाच खेळ सकाळी खालच्या झाडांसमोर करा. तिथे पांढरी सगळ्यात आधी सापडते आणि डागांची सगळ्यात उशिरा.

वरून बघणाऱ्याचीही परीक्षा घ्या. ३०० मीटर उंचीवरचं विमान १:७२ मध्ये ४ मीटर वर येतं, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अंगणात ठेवलेल्या बोटीकडे बघणं. फिकट डेक असेल तर तो तुम्हाला ताटासारखा दिसेल. म्हणून डेक नेहमी गडद.

डॅझलचं खूळ डोक्यातून गेलंच नसेल तर जांभळी नाक्यावरून केकचा फिरता स्टँड आणा. त्यावर पट्ट्यांचं लहान मॉडेल ठेवा, मोबाइलचा कॅमेरा टेबलाच्या पातळीला धरा आणि कोणालातरी स्क्रीनवर क्षणभर बघून नाळ कोणत्या दिशेला आहे ते ओळखायला सांगा. विल्किन्सनच्या लंडनमधल्या कार्यशाळेत रंगवलेली छोटी मॉडेलं अशीच फिरत्या पाटावर ठेवून पेरिस्कोपमधून तपासत.

पायरी ५: रंग लावणं

प्रायमर राखाडी, स्प्रेचा, पातळ दोन हात. नवशिक्याने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत. थिनरचा वास बंद फ्लॅटमध्ये घरच्यांना सहन होत नाही, आणि होऊही नये. जून ते सप्टेंबर लॅकर स्प्रे करू नका. मी एकदा जुलैत घाई केली, हवेतली ओल रंगात अडकली आणि अख्ख्या बोटीवर पांढुरकी साय आली. ती बोट आता धाकट्या भाच्याच्या टबात असते.

बाटलीतला रंग थेट लावू नका. खाडीवर पाहिलंत तसं, लांबची वस्तू फिकी दिसते आणि मॉडेल आपण नेहमी 'लांबून' बघत असतो. मी दहा थेंब रंगाला एक-दोन थेंब फिका राखाडी घालतो. नुसता पांढरा घातला तर हिरवा पिस्ता बर्फीसारखा होतो.

आधी फिकी छटा सगळीकडे, मग गडद डाग. एअरब्रश नसेल तर मेकअपच्या स्पंजचा तुकडा घ्या, रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि मग थोपटा. ब्रशच्या रेघा येत नाहीत. डागांच्या कडा मऊ हव्या असतील तर ब्लू टॅकच्या (कागद भिंतीला चिकटवायच्या मऊ पुट्टीच्या) बारीक सुरळ्या करून चिकटवा; कडक हव्या असतील तर मास्किंग टेप. टेप लावण्याआधी रंग रात्रभर वाळू द्या. दोन तासांत वाळला असं वाटतं, वाळलेला नसतो.

डाग कुठे टाकायचे? नाळेच्या टोकावर एक हवाच, केबिन आणि हल (बोटीचं धड) जिथे मिळतात तिथून एक ओलांडून न्या, आणि तिसरा मागच्या कोपऱ्यावरून वळवून पाठीवर आणा. दोन्ही बाजूंचे डाग आरशातल्यासारखे सारखे करू नका.

जुने कृष्णधवल फोटो बघून रंग ठरवत असाल तर सावध. त्या काळची काही फिल्म तांबडा रंग काळा आणि निळा रंग जवळजवळ पांढरा दाखवायची. फोटोत गडद दिसणारा पट्टा खरा कोणत्या रंगाचा, हे फोटो एकटा सांगत नाही.

पायरी ६: डेक

गडद राखाडी किंवा गडद हिरवा, मॅट. झालं.

पायरी ७: जाळी आणि फांद्या

लपून बसलेली बोट करायची असेल तर रंगाइतकीच जाळी महत्त्वाची. सगळ्यात अचाट उदाहरण डच नौदलाच्या 'अब्राहम क्राइन्सन' या सुरुंगविरोधी जहाजाचं. मार्च १९४२ मध्ये ते जावाहून निसटलं. खलाशांनी झाडं तोडून जहाजभर लावली, उघडं लोखंड खडकासारखं रंगवलं आणि अख्खं जहाज एक छोटं बेट केलं. दिवसा किनाऱ्याला चिकटून निश्चल उभं राहायचं, चालायचं फक्त रात्री. असं करत ते ऑस्ट्रेलियाला सुखरूप पोचलं. 'दिवसा निश्चल' हे महत्त्वाचं. चालणारं बेट कोणालाही खटकेल.

मॉडेलसाठी औषधाच्या दुकानातली गॉझ पट्टी घ्या. हिरव्या-तपकिरी पाण्यात बुडवून पिळा, मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून बोटीवर ताणा. मास्टपासून कठड्यापर्यंत उतरती ठेवा. जाळीचं खरं काम बोटीची सावली गिळण्याचं असतं, आणि खाली लोंबणारी कड पाण्यावरची काळी रेघ मोडते. वर वाळलेला चहाचा चोथा किंवा चुरलेली कसुरी मेथी भुरभुरवा. १:७२ मध्ये ती तिवराच्या पानांसारखी शोभते. आधी मेथी तव्यावर कोरडी भाजून घ्या आणि शेवटी मॅट वार्निशने बंद करा, नाहीतर पहिल्या पावसात मुंग्या आणि बुरशी दोघीही वसतीला येतात. अनुभवाने सांगतोय.

काचांकडेही बघा. खऱ्या बोटीवर केबिनच्या काचेची एक लकाकी सगळी मेहनत पाण्यात घालवायची. लपलेल्या बोटीच्या काचांवर टिश्यू पेपरचा कॅनव्हास टाका.

पायरी ८: झीज

इथे जवळजवळ प्रत्येक नवशिक्या एकच चूक करतो. बाजूंवर गंजाचे ओघळ आणि कडांना चंदेरी ओरखडे. पीटी बोट, व्हॉस्पर, फेअरमाइल, सगळ्या लाकडी. लाकूड गंजत नाही आणि रंग उडाल्यावर चांदीसारखं चमकतही नाही. ओरखड्यात तपकिरी लाकूड किंवा आधीच्या रंगाचा थर दाखवा. गंज फक्त नांगर, साखळी आणि इतर लोखंडी भागांजवळ, तोही कंजूषपणे.

एक्झॉस्ट कुठे आहे ते किटच्या कागदावर बघा. एल्कोचा मागच्या पाठीवर, त्यामुळे काजळी तिथे. खडूची भुकटी मऊ ब्रशने लावा. पाण्याच्या रेषेवर शेवाळाची हिरवट-तपकिरी पट्टी आणि त्यावर मिठाचा पुसट पांढरा थर पुरेसा.

बोट पाण्यावर धावताना दाखवायची असेल तर मागचा फेस कमी ठेवा. सॉलोमन बेटांजवळ रात्री पाणी चमकायचं, आपल्या कोकणात कधीकधी चमकतं तसंच, आणि जपानी विमानं बोटीपेक्षा तिच्या मागच्या त्या उजळ शेपटीवरून तिला शोधायची. रंग कितीही उत्तम असला तरी वेग वाढला की शेपटी दिसलीच. म्हणून गस्तीवरच्या बोटी पुष्कळदा इंजिनं अगदी हळू चालवत सरकत.

सगळं झालं की मॅट वार्निशचा एक हात, आणि मग ती बोट पुन्हा गच्चीवर न्या. २८ मीटर मोजा, कठड्यावर ठेवा आणि तिन्हीसांजेला खाली बसा. आमच्या नववीतल्या साहेबांनी शेवटी हिरवा सोडून इंग्लिश खाडीतली फिकी बोट केली. त्या दिवशी वॉचमनकाका पाण्याच्या टाकीची पातळी बघायला वर आले आणि कठड्यावर काही ठेवलं आहे हे कळायच्या आत त्यांचा हात तिच्यावर पडणार होता. आम्ही दोघंही एकदम ओरडलो.